गाडी नव्हे, घड्याळ पाहा: सोलापुरात बसून आयल ऑफ मॅन टीटी कशी पाहावी

आयल ऑफ मॅन टीटी ही शर्यत पहिल्यांदा पाहणाऱ्याची फसगत बहुधा एकाच जागी होते. पडद्यावर एक मोटारसायकल सर्वांच्या पुढे धावताना दिसते, बऱ्याच अंतराने दुसरी येते, आणि पाहणारा धरून चालतो की पुढची ती पहिली. माझेही तसेच झाले. पहिल्या वर्षी होटगी रस्त्यावर एका मित्राच्या घरी आम्ही चौघे जमलो होतो. ज्या रायडरसाठी आम्ही तासभर टाळ्या वाजवल्या, तो निकालात चौथा निघाला आणि ज्याचे नावही आम्ही ऐकले नव्हते त्याच्या गळ्यात हार पडला. त्या फजितीनंतर जे काही शिकत गेलो, ते नव्याने पाहू इच्छिणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

आधी ही शर्यत काय आहे ते समजून घ्यावे

आयल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातले छोटे बेट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ताशी २० मैल होती आणि सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करण्याची मुभा नव्हती. बेटाची संसद मात्र स्वतंत्र असल्यामुळे तिने १९०४ मध्ये तसा कायदा केला. त्यातून १९०७ मध्ये मोटारसायकलींची पहिली टुरिस्ट ट्रॉफी, म्हणजेच टीटी, झाली. डोंगरावरून जाणारा सध्याचा मार्ग १९११ पासून वापरात आहे. एरवी ज्या रस्त्यावरून दूधवाला आणि शाळेची बस जाते, तोच रस्ता ठरलेल्या तासांपुरता कायद्याने बंद होतो, आणि घरांच्या भिंती, दगडी कुंपणे, पदपथाचे कठडे, विजेचे खांब या सगळ्यांना घासून मोटारसायकली ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक वेगाने धावतात. खास बांधलेल्या ट्रॅकवरची शर्यत पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हा फरक आधी पचवावा लागतो.

एका फेरीची लांबी ६०.७२ किलोमीटर आहे. सोलापूरकरांसाठी सांगायचे तर येथून तुळजापूरला पोहोचून, दर्शनाला न थांबता, पुढे आणखी पंधराएक किलोमीटर जावे एवढे हे अंतर. एस.टी.ला नुसत्या तुळजापूरपर्यंत तासभर लागतो. पीटर हिकमनने २०२३ मध्ये ही पूर्ण फेरी १६ मिनिटे ३६ सेकंदांत, ताशी सरासरी १३६.३५८ मैलांनी, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटरने पूर्ण केली. हा सरासरी वेग आहे, आणि त्यात काटकोनी वळणे, गावातले चौक आणि कमानीचा पूल असे सगळे आले, हे ध्यानात ठेवावे.

पहिले काम: मार्ग पाठ करणे

आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात, तेव्हा जुन्या सोलापूरकराला नकाशा लागत नाही. पहिली काठी कुठवर आली एवढे कानावर पडले की ती आपल्या चौकात केव्हा पोहोचेल, याचा अंदाज तो घरबसल्या बांधतो. टीटी पाहण्यासाठी नेमके हेच कौशल्य लागते. मार्गावर दोनशेहून अधिक वळणे आहेत. ती सगळी लक्षात ठेवण्याची गरज नाही. दहा-बारा नावे पुरतात, फक्त ती क्रमाने पाठ हवीत.

सुरुवात राजधानी डग्लसमधल्या ग्लेनक्रचरी रोडवर, ग्रँडस्टँडसमोरून होते. तेथून लगेच ब्रे हिलचा उतार लागतो. दोन्ही बाजूंना घरे असलेल्या या निवासी रस्त्यावर रायडर पूर्ण वेगात असतात आणि उतार संपतो तेथे गाडीचा तळ रस्त्याला घासतो. पुढे क्वार्टरब्रिज, युनियन मिल्स आणि बॅलाक्रेन ओलांडून झाडीतल्या ग्लेन हेलनला पोहोचावे. नंतर कर्क मायकल हे अरुंद रस्त्याचे गाव, मग बॅलाफचा प्रसिद्ध पूल, जेथे दोन्ही चाके हवेत उचलली जातात. त्यानंतर सल्बीचा लांब सरळ रस्ता येतो आणि मग रॅम्सी हे शहर. रॅम्सीपासून डोंगर सुरू होतो: हेअरपिन, गूजनेक, मग चढत चढत बंगलो. या ठिकाणी पूर्वी त्या नावाचे हॉटेल होते. आपला ‘बंगला’ इंग्रजीत जाऊन इतक्या दूरच्या माळरानावर बसलेला पाहून मला दर वर्षी गंमत वाटते. येथेच डोंगरावर जाणाऱ्या ट्रामचे रूळ शर्यतीच्या रस्त्याला आडवे जातात. मार्गाचे सर्वांत उंच ठिकाण याच्या थोडे पुढे, सुमारे ४२२ मीटरवर आहे. आपले सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर असल्याने त्यांचा ‘डोंगर’ आपल्या सपाटीहून खालीच राहतो. मात्र ते रॅम्सीच्या समुद्रकाठावरून थेट तेथवर चढतात, हे विसरू नये. बंगलोनंतर उतार, क्रेग-नी-बा, क्रॉन्क-नी-मोना, गव्हर्नर्स ब्रिजचे अतिशय संथ वळण, आणि पुन्हा ग्रँडस्टँड.

पाठ करण्याची माझी पद्धत साधी आहे. एखाद्या रायडरच्या गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्याचे पूर्ण फेरीचे चित्रण शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात रोज एकदा पाहावे आणि प्रत्येक ठिकाणाचे नाव ते येण्यापूर्वी मोठ्याने उच्चारावे. चौथ्या-पाचव्या दिवशी नावे आपोआप तोंडी येऊ लागतात. घरच्यांना हा प्रकार विचित्र वाटतो, पण त्याला इलाज नाही.

दुसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम: घड्याळाचे गणित

टीटीमध्ये सगळे रायडर एकदम सुटत नाहीत. क्रमांक १ चा रायडर आधी सुटतो, दहा सेकंदांनी क्रमांक २ चा, आणखी दहा सेकंदांनी क्रमांक ३ चा, याप्रमाणे एकेक जण निघतो. प्रत्येकाची लढत रस्त्यावरच्या शेजाऱ्याशी नसून घड्याळाशी असते, आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी, तो विजेता. म्हणूनच शेवटची रेषा सर्वांत आधी ओलांडणारा माणूस पहिला असेलच असे नाही.

हे गणित एकदा कागदावर करून पाहावे. समजा, रॅम्सीमधून क्रमांक १ गेला आणि आपण स्टॉपवॉच सुरू केले. क्रमांक ६ हा त्याच्या ५० सेकंद मागून सुटलेला आहे. तो जर ४६ सेकंदांनीच रॅम्सीत दिसला, तर त्याने ४ सेकंद भरून काढले, म्हणजे तो प्रत्यक्षात ४ सेकंदांनी पुढे आहे. क्रमांक १० हा ९० सेकंद मागून सुटला. तो ८८ सेकंदांनी दिसला, तर तो क्रमांक १ च्या २ सेकंद पुढे. रस्त्यावरचा क्रम १, ६, १० असा दिसतो, परंतु खरा क्रम ६, १०, १ असा आहे. दोन क्रमांकांमधला फरक काढावा, त्याला दहाने गुणावे आणि आलेले उत्तर प्रत्यक्ष अंतराशी ताडून पाहावे, नियम एवढाच. एकदा हा हिशेब हाताशी आला की एरवी कंटाळवाणी वाटणारी, रिकाम्या रस्त्यावर एकटीच धावणारी मोटारसायकल अचानक बोलू लागते.

अधिकृत वेळा ठरावीक ठिकाणी नोंदवल्या जातात: ग्लेन हेलन, बॅलाफ, रॅम्सी, बंगलो, क्रॉन्क-नी-मोना आणि ग्रँडस्टँड. अधिकृत संकेतस्थळावर हे आकडे थेट दिसतात आणि वरचा हिशेब यंत्र आपल्यासाठी करून देते. तरीही पहिल्या एक-दोन शर्यतींत वहीत सहा रकाने आखून आघाडीच्या चौघांचे अंतर स्वतः लिहावे, असा माझा आग्रह आहे. लिहिणाऱ्यालाच कळते की अमुक रायडर गावांतून जाणाऱ्या पहिल्या भागात वेळ मिळवतो आणि डोंगरावर गमावतो, किंवा याच्या उलट. तयार तक्त्याकडे नुसते पाहत राहिल्यास ही ओळख होत नाही.

या पद्धतीची सर्वांत गाजलेली साक्ष १९९२ च्या सीनियर टीटीची, म्हणजे आठवड्याच्या मुख्य शर्यतीची, आहे. नॉर्टनवरचा स्टीव्ह हिस्लॉप क्रमांक १९ चा आणि यामाहावरचा कार्ल फोगर्टी क्रमांक ४ चा. दोघे रस्त्यावर खांद्याला खांदा लावून लढले नाहीत. तरीही सहा फेऱ्यांच्या त्या शर्यतीत आघाडी हातून हातात जात राहिली, फोगर्टीने शेवटच्या फेरीत विक्रमी वेग गाठला आणि हिस्लॉप ४.४ सेकंदांनी जिंकला. ज्याने केवळ गाड्या पाहिल्या त्याला यातले काहीच दिसले नसते.

हिशेबात दोन गोष्टी मात्र गोंधळ घालतात. पहिली म्हणजे पिट स्टॉप. सहा फेऱ्यांच्या शर्यतीत साधारणपणे दुसऱ्या आणि चौथ्या फेरीअखेर गाड्या इंधनासाठी थांबतात, मागचा टायर बदलला जातो आणि हेल्मेटची काच स्वच्छ केली जाते किंवा बदलली जाते. पिट लेनमध्ये वेगमर्यादा असते आणि ती मोडली तर वेळेचा दंड बसतो. या वेळी अंतरे विस्कटलेली दिसतात, म्हणून सगळे थांबून पुढे ग्लेन हेलनला पोहोचेपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नये. हा थांबा निकाल फिरवू शकतो: २०२४ च्या सुपरबाइक शर्यतीत मायकल डनलप आघाडीवर असताना पिट स्टॉपनंतर त्याच्या हेल्मेटची काच नीट बसलेली नव्हती, ती सारखी करण्यासाठी त्याला रस्त्यात थांबावे लागले, आघाडी गेली आणि हिकमन जिंकला. दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्यावरची गाठभेट. मागून सुटलेला रायडर पुढच्याला गाठतो तेव्हा सरळ रस्त्यावर त्याच्या मागच्या हवेच्या पोकळीचा त्याला फायदा मिळतो, पण वळणावळणाच्या भागात तोच अडथळा ठरू शकतो. गाठ कोठे पडली, याकडे त्यामुळे लक्ष द्यावे.

वेळापत्रक आपल्या घड्याळात बसवणे

टीटीचा पंधरवडा मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतो. पहिला आठवडा सरावाचा आणि पात्रतेचा, दुसरा शर्यतींचा. त्या काळात बेटावरचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. तेथील सकाळी पावणेअकरा म्हणजे आपले दुपारचे सव्वातीन. तेथील संध्याकाळी साडेसहाचा सराव म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अकरा. सोलापूरच्या त्या दिवसांतल्या उन्हात दुपारी तीन वाजता घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा शर्यतीची वेळ आपल्याला सोयीचीच पडते. रात्रीचे सराव मात्र दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्याने निवडून पाहावेत.

छापील वेळेवर फार विसंबू नये. डोंगरावर धुके उतरले की बचावकार्याचे हेलिकॉप्टर उडू शकत नाही, आणि ते उडू शकत नसेल तर शर्यत सुरू होत नाही. बेटावरचे लोक म्हणतात की मनॅनन हा समुद्रदेव आपला झगा बेटावर पांघरतो आणि त्यालाच आपण धुके समजतो. तासाभराचा विलंब नेहमीचा आहे. २०२५ मध्ये तर जोरदार वाऱ्यामुळे आठवड्याची मुख्य शर्यत असलेली सीनियर टीटीच रद्द करावी लागली. म्हणून त्या दुपारी पाहुण्यांना ठरावीक वेळेवर बोलावून ठेवण्यापेक्षा ‘सुरू झाली की फोन करतो’ असे सांगणे बरे.

पाहावे कोठे, ऐकावे कोठे

२०२२ पासून टीटीप्लस या अधिकृत सेवेवर पैसे भरून सर्व शर्यती थेट पाहता येतात. त्याआधीच्या पिढ्यांनी ही शर्यत प्रामुख्याने कानांनी पाहिली, आणि ती सोय आजही आहे: बेटावरच्या मँक्स रेडिओचे समालोचन इंटरनेटवरून विनामूल्य ऐकता येते. माझा सल्ला असा की दोन्ही वापरावे. चित्र मोठ्या पडद्यावर, वेळांचा तक्ता मोबाइलवर आणि रेडिओ कानात. मात्र इंटरनेटवरून येताना चित्र आणि आवाज यांत काही सेकंदांचा फरक पडतो, त्यामुळे हिशेब करताना केवळ तक्त्यालाच प्रमाण मानावे. जूनच्या आरंभी वळवाचा पाऊस आणि वीज जाणे हे आपल्याकडे जोडीनेच येतात. अशा वेळी रेडिओला फार थोडा डेटा आणि फार थोडी बॅटरी लागते. एका वर्षी शेवटच्या दोन फेऱ्या आम्ही अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात वहीवर आकडे लिहीत ऐकल्या, आणि खरे सांगायचे तर त्या वर्षीची शर्यत मला सर्वांत स्पष्ट आठवते.

वर्ग आणि माणसे

वर्गांची नावे सुरुवातीला डोक्यावरून जातात. त्यावर वेळ दवडू नये. सुपरबाइक आणि सीनियर या सहा फेऱ्यांच्या मोठ्या शर्यती, सुपरस्टॉकमध्ये दुकानात मिळणाऱ्या गाडीच्या जवळची गाडी, सुपरस्पोर्टमध्ये त्याहून लहान इंजिन, आणि साइडकारमध्ये तीन चाके व दोन माणसे, ज्यांतला एक जण प्रत्येक वळणावर आपले वजन इकडून तिकडे टाकत असतो. साइडकार अवश्य पाहावी. बेन आणि टॉम या बर्चल बंधूंनी २०२३ मध्ये या वर्गात ताशी १२० मैलांच्या सरासरीचा टप्पा प्रथमच ओलांडला.

माणसांपैकी एका घराण्याची ओळख आधी करून घ्यावी. उत्तर आयर्लंडच्या बॅलीमनी गावचा जोई डनलप १९७७ ते २००० या काळात २६ वेळा टीटी जिंकला. शेवटचे तीन विजय त्याने वयाच्या ४८ व्या वर्षी मिळवले आणि त्यानंतर महिन्याभरातच एस्टोनियातील शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये नॉर्थ वेस्ट २०० या उत्तर आयर्लंडमधल्या शर्यतीच्या सरावात मरण पावला, आणि दोनच दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकल त्याच शर्यतीत उतरून जिंकला. याच मायकलने २०२४ मध्ये काकाचा २६ विजयांचा विक्रम मोडला. जॉन मॅकगिनेस हे दुसरे नाव: २००७ च्या शताब्दी वर्षात ताशी १३० मैलांच्या सरासरीचा टप्पा ओलांडणारा तो पहिला रायडर ठरला. ताशी १०० मैलांचा टप्पा बॉब मॅकिन्टायरने १९५७ मध्ये ओलांडला होता. म्हणजे पुढच्या तीस मैलांना पन्नास वर्षे लागली.

लाल झेंडा लागल्यावर

येथे थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण नव्या प्रेक्षकाला या गोष्टीची तयारी कोणी करून देत नाही. डोंगराचा हा मार्ग वापरात आल्यापासून त्यावर अडीचशेहून अधिक रायडर मरण पावले आहेत. एकट्या २०२२ च्या टीटीतल्या अपघातांत सहा स्पर्धक गेले. १९७२ मध्ये मित्र जिल्बर्तो पार्लोत्ती याच्या मृत्यूनंतर जाकोमो अगोस्तिनीसारख्या जगज्जेत्याने येथे पुन्हा न धावण्याचा निर्णय घेतला, आणि १९७६ नंतर या शर्यतीचा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला दर्जा गेला. ही शर्यत असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे आहेत. मी पाहतो, परंतु ज्याला पाहवत नाही त्याला भित्रा म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही.

व्यवहारातली गोष्ट अशी. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओलांडू नये. लाल आणि पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा म्हणजे रस्ता निसरडा आहे. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली. लाल झेंड्यानंतर समालोचक हवामानावर, जुन्या आठवणींवर बोलू लागतात आणि त्या रायडरचे नाव घेत नाहीत. ते काही लपवत नसतात. नातेवाइकांना कळल्यावाचून बातमी जाहीर करायची नाही, हा तेथला रिवाज आहे. त्या वेळात समूहांवर तर्क पसरवू नयेत, कोणाच्या मोबाइलमधले चित्रण पुढे पाठवू नये. घरात लहान मुले पाहत असतील तर पुढे काय असू शकते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. आयत्या वेळी सांगणे कठीण जाते.

याच ओघात एक सूचना. शर्यत संपल्यावर विजापूर रस्त्यावर किंवा पुणे-हैदराबाद महामार्गावर हात साफ करण्याची लहर कोणाला आली, तर त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यावी. टीटीचा रस्ता बंद असतो, समोरून उसाची ट्रॉली येत नाही, आणि जागोजागी प्रशिक्षित स्वयंसेवक मार्शल उभे असतात.

सरावासाठी आणखी दोन शर्यती

घड्याळाचे गणित एकदम जड वाटत असेल, तर मे महिन्यात होणाऱ्या नॉर्थ वेस्ट २०० पासून सुरुवात करावी. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या या शर्यतीत रायडर गटाने सुटतात, त्यामुळे पुढचा तो पुढे, इतके सरळ असते. आणि टीटी संपल्यावर हुरहुर लागली, तर त्याच डोंगरी मार्गावर ऑगस्टमध्ये मँक्स ग्रां प्री असते. टीटीत उतरू पाहणारे अनेक रायडर आधी तेथे हा मार्ग शिकतात.

कधी प्रत्यक्ष जायचे ठरले तर

ब्रिटनच्या व्हिसाची तयारी अनेक महिने आधी सुरू करावी आणि तो बेटासाठी चालतो ना, याची अधिकृत पानावर खात्री करून घ्यावी. बेटावर विमानानेही जाता येते, पण बहुतेक लोक इंग्लंडच्या हेशम किंवा लिव्हरपूल बंदरातून बोटीने जातात. बोटीची आणि मुक्कामाची जागा वर्षभर आधी भरू लागते; हॉटेल न मिळाल्यास स्थानिक लोक आपल्या घरातल्या खोल्या भाड्याने देतात, ती व्यवस्था चांगली आहे.

जागा निवडताना पहिल्या दिवशी ग्रँडस्टँड, दुसऱ्या दिवशी बॅलाफचा पूल किंवा क्रेग-नी-बा, असा बेत ठेवावा. वळणाच्या बाहेरच्या बाजूस आणि मनाईचा फलक असलेल्या ठिकाणी उभे राहू नये. बंद झालेल्या रस्त्यावर पाऊल टाकणे तेथे गुन्हा आहे. रस्ता बंद होण्याच्या बराच आधी जागेवर पोहोचावे, कारण एकदा तो बंद झाला की शर्यत संपून मार्शलांची गाडी फिरेपर्यंत पलीकडे जाता येत नाही. एखाद्या शेताच्या बांधावर पाच-सहा तास अडकून पडण्याची वेळ येते आणि दुकान रस्त्याच्या नेमक्या दुसऱ्या बाजूला असते. सोबत रेनकोट, स्वेटर, कानात घालायचे बोळे आणि छोटा रेडिओ ठेवावा. खाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला कोणाचा सल्ला नको: कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर टिकते, पावसात भिजली नाही म्हणजे झाले.